टिनावरच्या बाटल्या

"ऐका... तुमी तिकडच्या सीटवर बसता का?"

उज्ज्वलाने मान वर केली. यवतमाळहून दारव्ह्याकडे निघालेली एसटी अर्धी रिकामी होती. तरी हा तरुण नेमका तिच्याच सीटपाशी येऊन उभा राहिला होता. छातीशी थर्माकोलचा डबा, कपाळावर घाम, शर्टाचं एक बटण तुटलेलं.

"काहून? तिकडं तं ऊन हाय."

"म्हूनच."

"म्हणजे मी उन्हात, आन् तुमी सावलीत?"

"नाई, नाई... मी बी उन्हातच बसतो. सावली मले नाई पाह्यजे. या डब्ब्याले पाह्यजे."

जागा मागायची नाना कारणं तिने ऐकली होती. हे नवीन होतं. तिने ओठ दाबून हसू आवरलं.

"मी उठत नाई. पण डब्ब्याले सावलीत जागा देते. तुमी बसा बाजूले."

तो अंग चोरून बसला. डबा मांडीवर घेतला, त्याच्यावर रुमाल टाकला, रुमालावर हात ठेवला. आजारी लेकरू दवाखान्यात नेताना माणसं बसतात तसा.

"काय हाय त्यात? आइसकांडी?"

"जिवंत हायेत."

ती दचकली. "कोण?"

"जिवाणू. चन्याच्या मुळाशी राह्यतात. हवेतलं नत्र धरतात आन् झाडाले खाऊ घालतात. डोळ्याले दिसत नाईत, पण एका बाटलीत कोट्यवधी असतात."

"आन् त्या सगळ्याईचं तिकीट काढलं का?"

त्याने आधी गंभीरपणे कंडक्टरकडे पाहिलं. मग त्याला कळलं, आणि त्याचे कान लाल झाले. तोही हसला.

त्याचं नाव संघदीप. मारेगावकडचा. यवतमाळच्या एका जिवाणू खताच्या प्रयोगशाळेत कराराने कामाला होता. गावोगावी जायचं, एक शेतकरी गाठायचा, त्याच्या वावरात जिवाणू लावलेलं बियाणं पेरून दाखवायचं, हे त्याचं काम.

"आज कोणतं गाव?" तिने विचारलं.

त्याने बोरी अरबपुढच्या एका तांड्याचं नाव सांगितलं. उज्ज्वलाचं हसू गेलं. तो तिचाच तांडा होता.

"बाटली घेऊन तठी नोका जाऊ," ती म्हणाली. "कोणी पाणीसुद्धा नाई पाजणार."

"काहून?"

ती खिडकीकडे वळली. बाहेर वेचणीला आलेली कापसाची पऱ्हाटी पांढरी पडली होती.

कारण सांगण्यासारखं होतं, पण बसमध्ये अनोळखी माणसाला सांगण्यासारखं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात तिचा भाऊ संजय डोक्याएवढ्या पऱ्हाटीत फवारणी करत होता. वारा पडलेला, तोंडाला नुसता दुपट्टा. संध्याकाळी घरी आला, ओट्यावर बसला आणि आईला म्हणाला, "काई नाई होत याडी, जरासं गरगरते." चौथ्या दिवशी त्याला यवतमाळच्या दवाखान्यातून आणलं ते चादरीत गुंडाळून. त्याने आणलेली फवारणीच्या औषधाची बाटली घरात माठाशेजारी तशीच होती. त्याच्या आईने, भुरीबाईने, ती उचलली आणि गोठ्याच्या टिनावर, पत्र्याच्या छपरावर, फेकली. तेव्हापासून बाटली म्हणून जे काही त्या घरात आलं ते टिनावर गेलं. खोबरेल तेल लोट्यात काढायचं, खोकल्याचं औषध वाटीत ओतायचं, आणि बाटली टिनावर. भुरीबाई याबद्दल बोलत नसे. ती फक्त बाटली उचलत असे. बाकीच्या तांड्यात टिनावर कोणी काही फेकलं नाही, पण बाटलीवाला माणूस आला की दारं लागत.

संघदीपला त्या दुपारी तांड्यात एकही दार उघडं मिळालं नाही. दिवस कलता तो डबा घेऊन परत फाट्याकडे निघाला, तेव्हा चिंचेखाली उज्ज्वला उभी होती.

"पाणी प्या," तिने लोटा पुढे केला. "आन् माह्या वावरात करा तुमचं काम."

त्याने लोटा घेतला, पण प्यायला विसरला. "तुमच्या घरचे?"

"घरच्यायचं मी पाहीन."

तिची अडचण त्याच्यापेक्षा मोठी होती. संजय गेल्यापासून तिच्या बापाने, भीमसिंगने, वावरात पाय ठेवला नव्हता; वावर पडून होतं. दसरा झाल्यावर तो जेवता जेवता म्हणाला होता, वावर मक्त्याने देऊन टाकतो, आणि दिग्रसचं स्थळ आलं आहे, तुलाही उजवून टाकतो. एका घासात दोन्ही. उज्ज्वलाने ताट सारलं. वावर मी करते म्हणाली. सकाळपर्यंत भांडली. शेवटी भीमसिंग थकून म्हणाला, "एक हंगाम देतो तुले. इखाचा एक थेंब बी पडला नाई पाह्यजे वावरात. चना उभा राह्यला तं वावर तुह्यं. नाई राह्यला तं होळीच्या आधी दिग्रसचे पाहुणे बलावतो."

वर्षानुवर्षं पऱ्हाटी घेऊन थकलेली ती जमीन. त्या जमिनीत चना नुसता टाकला तर पिवळा पडतो, हे तिला माहीत होतं. म्हणून ती चिंचेखाली येऊन थांबली होती.

संघदीपने दोन बाटल्या काढून दिल्या. "परवा सकाळी पेरू. तवापर्यंत थंड जागी ठेवजा. माठाजवळ ठेवल्या तं उत्तम. पण ऊन..." तो थांबला. "ऊन लागू देऊ नोका. मरतात ते."

"मेल्यावर दिसतात का?"

"नाई. मेले तरी दिसत नाईत. थेच तं वांधं हाय."

बाटल्या ओढणीत गुंडाळून तिने घरी नेल्या आणि माठामागे ज्वारीच्या पोत्याआड दडवल्या.

दुसऱ्या दिवशी ती वावरात सऱ्या साफ करून संध्याकाळी परत आली. पोत्यामागे हात घातला. काहीच नव्हतं. ती धावत गोठ्याकडे गेली. टिनावर तेलाच्या, औषधाच्या, कसल्या कसल्या उन्हाने पांढुरक्या झालेल्या बाटल्यांमध्ये त्या दोन नव्या बाटल्या उभ्या होत्या. ऑक्टोबरचं ऊन दिवसभर टिनावर तापलं होतं. तिने बाटली उचलली. चहाच्या कपासारखी गरम लागली.

गोठ्याच्या दारात भुरीबाई गाईला कडबा टाकत होती. तिने लेकीकडे पाहिलं आणि पुढची पेंढी सोडली. उज्ज्वलाने दोन्ही बाटल्या ओढणीत गुंडाळल्या.

संघदीपला फोन करायचा, तिने ठरवलं. नंबर काढला... आणि ठेवला. फोन केला तर सगळंच सांगावं लागेल. संजय, चादर, माठ, टिन. शिवाय नव्या बाटल्या यायला आठवडा जाईल, आणि जमिनीतली ओल आठवडाभर थांबणार नाही. काही तरी जगले असतील, तिने स्वतःला समजावलं. कोट्यवधी आहेत म्हणाला होता.

सकाळी तो आला. बोरीच्या झाडाखाली ताडपत्री अंथरली, तिच्यावर चना ओतला. गुळाचं पाणी घातलं. बाटली हातात घेऊन त्याने सहज विचारलं:

"गार ठेवल्या होत्या ना?"

"हो," ती म्हणाली.

तेवढंच. एक अक्षर.

मग दोघांनी समोरासमोर बसून बियाणं हलक्या हाताने चोळलं. चना चिकट झाला, हात चिकट झाले. बियाण्यात हात फिरवताना बोटं बोटांना लागली तेव्हा तो म्हणाला, "जोरानं नोका चोळू, साल निंगते," आणि ती म्हणाली, "कोणाची?" त्याने मान खाली घातली. कान पुन्हा लाल. तिला हसू आलं, आणि हसता हसता नजर बाटलीकडे गेली.

तेव्हापासून तो दर आठवड्याला येऊ लागला. काम फारसं नसे. रोपं पाहायची, दोन शब्द बोलायचे, परतीची गाडी धरायची. पण तो फाट्यावरून चालत येताना दिसला की संजयची बायको बबिता चुलीपुढूनच आवाज देई, "आलं वं तुह्यं खत!" नवरा गेल्यावर बबिता माहेरी गेली नव्हती. रडणं आटोपल्यावर तिने घरातल्या सगळ्यांच्या वाटचं हसायचं काम उचललं होतं.

"मले ताई म्हणते, याडीले मावशी म्हणते," ती उज्ज्वलाला चिमटा काढत म्हणाली. "तुले काय म्हणते?"

"काईच नाई म्हणत."

"बाप्पा! मंग तं झालंच."

थंडी पडली. सकाळी वावरावर धुकं राही, चन्याच्या पानांवर दव. चना वीतभर झाला आणि तिथेच थांबला. खालची पानं फिकी पडू लागली. संघदीप एका सकाळी खुरपी घेऊन ओळीत बसला. त्याने एक रोप मातीसकट उपसलं, लोट्यातल्या पाण्यात मूळ धुतलं, उजेडात धरलं. मूळ स्वच्छ होतं. म्हाताऱ्याच्या दाढीसारखं, पांढरं, उघडं.

"गाठी पाह्यजे होत्या," तो म्हणाला. "इथं, मुळावर. ज्वारीच्या दाण्याएवढ्या. जिवाणू त्याच्यात घर करतात."

त्याने दुसरं रोप काढलं. तिसरं. ओळीच्या टोकाचं. धुऱ्याजवळचं, बांधालगतचं. प्रत्येक मूळ धुऊन तो उजेडात धरी आणि उज्ज्वलाकडे न पाहता खाली ठेवी. आता सांग, ती मनात म्हणत होती. आता. पण तो उठला, हात पुसले आणि म्हणाला, "पाह्यतो काय झालं ते."

पुढच्या आठवड्यात तो आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"माहीच चूक हाय," त्याने धुऱ्यावर बसता बसता सांगितलं. "त्या दिवशी बसमधी. बर्फ तं यवतमाळातच वितळला होता. वळणावर वळण, ऊन कधी इकडून, कधी तिकडून... माह्या मांडीवरच मेले असतीन ते. साहेबाले तसं सांगतलं म्या. ते म्हणे, फेब्रुवारीत करार वाढवाचा का नाई, तवा पाहू." त्याने पायापाशी पडलेलं ढेकूळ फोडलं. "मले माह्यं नाई वाटत. तुमचा हंगाम गेला. एवढ्या भरवशानं दिला होता तुमी."

उज्ज्वला उभी राहिली. "चला माह्यासंगं."

ती त्याला गोठ्यामागे घेऊन गेली आणि बोटाने टिन दाखवलं. तो बराच वेळ वर पाहत राहिला. तेलाच्या बाटल्या, औषधाच्या, आणि कडेला प्रयोगशाळेच्या त्या दोन, आता रिकाम्या. मग तिने सांगितलं. संजयचं सगळं, काही न गाळता. माठाचं, याडीचं. आणि शेवटी, "तुमी विचारलं, गार ठेवल्या का. मी हो म्हटलं."

गोठ्यात गाय शेपटी आपटत होती. तो म्हणाला, "मंग मावशीची चूक नाई."

"नाई. माही हाय."

"हो," तो म्हणाला. "उज्ज्वला... थे तुमची हाय."

पहिल्यांदाच त्याने तिचं नाव घेतलं होतं, आणि घेतलं तेही दोष देताना. ती रडली. त्याने समजावलं नाही, पाठ फिरवली नाही. नुसता उभा राहिला. रडणं थांबल्यावर म्हणाला, "झाड अजून लहान हाय. मुळाशी जिवाणूचं पाणी सोडून पाह्यता येईन. जमलंच असं सांगत नाई. पण उशिरा का होईना, थोड्या गाठी धरतीन."

"साहेबाले खरं सांगा पह्यले. मी येते यवतमाळले, मी सांगते."

"सांगाल, आन् पुढच्या साली या तांड्यात कोणालेच ते काई देणार नाईत. राहू द्या."

"तुमची नोकरी?"

"पाहू ना..." तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "मले दुसरं काम येते. चना उपटता येते."

दोन दिवसांनी तो नव्या बाटल्या घेऊन आला, तेव्हा भुरीबाई दारात उभी होती. एक हात चौकटीला आडवा. उज्ज्वलाने तिला सकाळीच सांगितलं होतं: याडी, आज बाटली घरात येईल. उन्हं उतरेपर्यंत माठाजवळ राहील. लपवून आणणार नाही.

"मावशी, हे इख नाई," संघदीप म्हणाला.

"सगळेच तसं म्हणतात. थो दुकानदार बी म्हणे, हातमोजे नसले तं चालते."

"हे मातीतलेच जीव हायेत. तुमी रोज मातीत हात घालता, तेच."

भुरीबाईचा हात हलला नाही. तेव्हा संघदीपने ते केलं, जे त्याने करायला नको होतं. त्याने बाटलीचं झाकण उघडलं, तळहातावर थोडं ओतलं आणि सगळ्यांच्या देखत चाटलं.

"पाहा," तो म्हणाला. "काई नाई होत मावशी."

भुरीबाईच्या तोंडातून जो आवाज निघाला तो उज्ज्वलाने एकदाच ऐकला होता, तीन वर्षांपूर्वी. तिने झेप घेऊन संघदीपची कॉलर धरली, त्याला ओट्यावर वाकवलं, त्याच्या घशात बोटं घातली. दुसऱ्या हाताने त्याची पाठ बडवत होती. हाताभर बांगड्या खळखळत होत्या. "ओक! ओक माह्या राजा! ओक!" मिठाचं पाणी, ती ओरडत होती, मिठाचं पाणी आणा. बबिता, जिची जीभ कधी थांबत नसे, ती खांबाला धरून खाली बसली आणि तिने डोळे मिटले. भीमसिंग खाटेवरून उठला आणि अनवाणी शेजाऱ्याची मोटारसायकल मागायला धावला.

संघदीपने प्रतिकार केला नाही. त्याला कळलं होतं, उशिरा का होईना, की आपण काय केलं. तो ओकला. मिठाचं पाणी प्याला, पुन्हा ओकला.

उज्ज्वलाला पुरतं ठाऊक होतं की बाटलीतल्या पाण्याने माणूस मरत नाही. तरी मिठाच्या पाण्याचा लोटा तिनेच त्याच्या तोंडाला लावला होता. या माणसाला काही झालं तर आपल्याला जगता येणार नाही, हे तिला त्या ओट्यावर, त्या ओकारीच्या वासात समजलं. प्रेम कळायला याहून बरी जागा असते असं ती ऐकून होती.

दवाखान्यात न्यायचं कसंबसं टळलं. पण भुरीबाईने त्याला जाऊ दिलं नाही. दिवस मावळेपर्यंत तो खाटेवर बसून होता आणि ती त्याचं मनगट धरून त्याच्याजवळ.

"गरगरते का?"

"नाई मावशी."

"डोळ्यापुढं अंधारी?"

"नाई."

थोड्या वेळाने पुन्हा, "गरगरते का?"

पाणी द्यायच्या निमित्ताने उज्ज्वला जवळ आली. तो हळूच म्हणाला, "मी चुकलो."

"हो," ती म्हणाली. "लय चुकले."

दिवेलागणीला भुरीबाईने त्याला भाकरी वाढली आणि शेवटच्या घासापर्यंत त्याच्या गळ्याकडे पाहत राहिली. मग उठली. अंगणात ओट्याच्या सावलीला पडलेली बाटली उचलली, पदराने पुसली, आणि उंबरा ओलांडून आत गेली. माठाशेजारी ती जागा तीन वर्षं रिकामी होती. तिने बाटली तिथे ठेवली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी मुळांना जिवाणूचं पाणी सोडलं. फवाऱ्याच्या पंपाला हात लावायचा प्रश्नच नव्हता. बादल्या आणि मग घेऊन सगळे ओळींत वाकले. उन्हं कलायला लागली असताना धुऱ्यावरून भीमसिंग आला. एक बादली उचलली आणि शेवटच्या ओळीला लागला. तीन वर्षांनी त्याचे पाय या मातीत होते. बबिताने उज्ज्वलाला कोपराने ढोसलं.

पंधरवडा गेला. संघदीपने एक रोप उपसलं, धुतलं आणि मूळ उज्ज्वलाच्या तळहातावर ठेवलं. मोजक्या गाठी होत्या, बारीक, इकडे एक, तिकडे एक.

"नखानं फोडा."

तिने फोडली. आत लाल होतं. रक्तासारखं.

"लाल म्हणजे जिवंत," तो म्हणाला. "काम करून राह्यले ते."

ती तळहाताकडे पाहत राहिली. तो तिच्याकडे.

"काय पाह्यता?"

"गाठी."

"गाठी इकडं हायेत."

"असतीन," तो म्हणाला, आणि नजर काही हलवली नाही.

तेवढी एक सकाळ त्यांना मिळाली. पुढचं सगळं हिशेबाने झालं. उशिरा धरलेल्या गाठींनी झाडं हिरवी केली, पण गेलेले दिवस भरून दिले नाहीत. जानेवारीत घाटे लागले ते विरळ. शेजारच्या वावरात चना गुडघ्याला लागत होता, यांचा पोटरीशी. उभा राहिला म्हणावं तर लाज वाटावी, पडला म्हणावं तर खोटं ठरावं, असा तो चना.

भीमसिंग धुऱ्यावर बसून एक घाटा हातात चुरत म्हणाला, "बोलणं झालतं आपलं, बेटा. हे काई उभं राहणं नाई. दिग्रसले निरोप देतो. वावर बोरीचा माणूस घेते म्हणते मक्त्यानं."

बोलणं झालं होतं, तिनेच केलं होतं. बोलली ती भुरीबाई. घाटे तोडता तोडता, मान वर न करता.

"थो बोरीवाला पऱ्हाटी लावन?"

"लावन तं. दुसरं काय लावन?"

"फवारन?"

भीमसिंगची बोटं घाट्यावर थांबली.

"या मातीत परत फवारा चालन?" भुरीबाई म्हणाली. "आन् कोणाचा तरी पोरगा फवारन, तोंडाले दुपट्टा बांधून. मी घरात बसून पाहू?"

भीमसिंगने चुरलेला घाटा झटकला. "दिग्रसवाल्यायले काय सांगू?"

"पोरगी वावर करून राह्यली म्हणून सांग."

मग उठता उठता तो संघदीपबद्दलही बोलला, कोणी विचारलं नसताना. "थो पोरगा चांगला हाय. पण आपला नाई." भुरीबाई खाली वाकून पुन्हा घाटे तोडू लागली. तिने एवढी लढाई एका दिवसात लढली होती, दुसरी लढायचं बळ तिच्यात नव्हतं. ते उज्ज्वलाला दिसलं.

चना उपटायचा तो पहाटे, दव असताना. दव उडालं की वाळलेले घाटे हात लागताच फुटतात आणि दाणा मातीत जातो. त्या सकाळी घरातली सगळी वावरात होती. पानांवरची आंब, तो आंबट ओलावा, हातांना लागून बोटं चरचरत होती. धुक्यातून संघदीप आला. खांद्याला पिशवी होती. काही न विचारता तो उज्ज्वलाच्या शेजारच्या ओळीला लागला.

दोघं बरोबरीने उपटत पुढे सरकले.

"करार नाई वाढला," तो म्हणाला. "आज मारेगावले जातो."

तिने हात थांबवला नाही. "तठी?"

"माय हाय एकटी. मथुराबाई. जरासं वावर हाय. करीन चना, तूर." त्याने हातातल्या झाडांची माती झटकली. "तिले तुमच्याबद्दल सांगतलं म्या."

"काय सांगतलं?"

"का एक मुलगी हाय. खोटं बोलते, पण एकदाच."

उज्ज्वलाला हसू आलं आणि डोळे भरले, दोन्ही एकाच वेळी. तिने मनगटाने डोळे पुसले. आंब डोळ्यात गेली.

"आँ... जळते!"

"पुसू नोका. थांबा." त्याने आपल्या बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन तिच्या डोळ्यांवर सोडलं. पाणी गालांवरून ओघळलं. त्याची ओंजळ तिच्या चेहऱ्याजवळच राहिली. पलीकडच्या ओळीत बबिता मुद्दाम पाठमोरी झाली.

"चाल म्हणावं का तुमाले?" तो म्हणाला. "मी लय येळ विचार केला गाडीत. म्हटलं तं तुमी काय म्हणाल थे बी मले माईत हाय."

"तरी म्हणा."

"चाल... मारेगावले. माह्या घरी."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. तुटलेलं बटण आता लावलेलं होतं, रंगाने वेगळं.

"माह्या मनात तुमीच हाव," ती म्हणाली. "दुसरं कोणी येणार नाई, दिग्रसचं ना कोठचं. पण हे वावर मले आता आता भेटलं हाय. मी इथून गेली तं परवा इथं फवारा चालते. याडी मरन."

"मी इथं राहाले येऊ?"

"बा येऊ देणार नाई. आन् तुमची माय?"

तो मान हलवत राहिला. हो, त्यालाही हे माहीत होतं. गाडीत बसून त्याने हेच सगळं उलटून पालटून पाहिलं होतं आणि त्यातून वाट निघाली नव्हती. जिल्ह्याच्या या टोकाला ती, त्या टोकाला तो. मधे आख्खा दिवस खाणारा एसटीचा रस्ता, दोन जाती, दोन म्हाताऱ्या.

"पेरणीच्या येळेस येईन," तो म्हणाला. "बाटल्या घेऊन."

"कराराशिवाय?"

"कराराशिवाय."

"याजा," ती म्हणाली. "बा काई म्हणो."

भुरीबाईने त्याला धुऱ्यावर बोलावलं, पदरात बांधून आणलेली भाकरी त्याच्या पिशवीत टाकली, आणि आपल्या सवयीप्रमाणे त्याच्या डोळ्यांत वाकून पाहिलं, बुबुळं ठीक आहेत का ते. भीमसिंगने लांबूनच हात वर केला. संघदीपने तिघांना जयभीम घातला. बबिता म्हणाली, "जा ताईच्या भावा, सांभाळून जा," आणि तिचाच आवाज फाटला.

तो निघाला. धुकं पातळ होत चाललं होतं. फाट्याकडच्या पायवाटेवर त्याचा शर्ट बराच लांबपर्यंत दिसत होता. उज्ज्वलाला वाटलं, धावत जावं, फाट्यापर्यंत तरी सोबत करावी. गाडी यायला अजून वेळ होता.

तिने आकाशाकडे पाहिलं. ऊन पानांवर उतरलं होतं. चन्यावरचं दव उडत होतं, आणि तिच्या समोर अर्धी ओळ बाकी होती. शेजारच्या ओळीत, तो जिथे थांबला होता तिथून पुढे, आणखी अर्धी.

ती वाकली. आधी त्याची ओळ धरली.